अळणी ताट

१२ जानेवारी १९८७, सोमवार

पोचले एकदाची. ग्रेनाडाहून टपालाची बोट चार तासांत कॅरिआकू बेटावर येते म्हणतात. आम्हाला साडेपाच लागले, आणि माझ्या शेजारची बाई वाटेत तीनदा ओकली. तरी मी खुशीत आहे. पाय सुजलेत, कंबर धरलीय, पण खुशीत आहे. तेहेतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे उभं राहिल्यावर माणूस कुठेही बसायला मिळालं की खूश होतं.

विंडवर्ड गावातलं हे घर भाड्याने घेतलंय. दोन खोल्या, पावसाचं पाणी साठवायची टाकी, आणि पुढच्या खोलीत सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. एकट्या बाईला सहा खुर्च्या! मालकीण शेजारीच राहते. नाव सिल्व्हिना कफी, वय पंचाहत्तर, सगळं गाव तिला तांती म्हणतं. हे घर तिच्या मावशीचं, ॲडिनाचं. म्हातारी चार वर्षांपूर्वी गेली, टेबल तेवढं राहिलं. तांतीने दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मिस बेदो, फारच दमलेल्या दिसता हो. काही हरकत नाही, इथे विश्रांतीशिवाय दुसरा उद्योग नाहीच." मग भाजलेला नीरफणस आणि खारवलेला मासा पुढे ठेवला. मासा मी परत केला. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय.

ही वहीसुद्धा त्यांचीच कृपा. रोज रक्तदाब मोजून आकडा लिहायचा. दंडाला गुंडाळायचा पट्टा दिलाय, फुगा दिलाय, कानात घालायच्या नळ्या दिल्यात. पण एवढ्या जाड वहीत रोज एकच आकडा लिहायचा म्हणजे कागदाचा अपमान. बाकीचंही लिहीन म्हणते. आजचा आकडा १७०/१००. बोटीचा दोष असणार.

टेबलाजवळच्या खिडकीतून समोर पिटी मार्टिनिक बेट दिसतं. हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. त्यावर एक डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी कुठेतरी माझी बहीण.

१४ जानेवारी, बुधवार

१६०/९८. बेत पक्का केला.

पिटी मार्टिनिकची फेरीबोट सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी असते. साडेआठला इथल्या धक्क्यावरून सुटते, अर्ध्या तासात पलीकडे, आणि तीनला परत. सकाळी जायचं, दुपारी यायचं. मुक्काम नाही. मुक्काम म्हटला की थिओलीनला वाटणार, मी पथारी पसरायला आले. शिवाय तिने दार लावून घेतलं, तर धक्क्यावर सावलीत बसून फेरीची वाट तरी बघता येईल.

थिओ माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई वारली त्याला अकरा वर्षं झाली. त्याच वर्षी आईच्या थडग्यावर दगड बसवायचा ठरला तेव्हा थिओने सगळं रीतीप्रमाणे केलं. ड्रमवाले बोलावले, बकरा कापला, वाडवडिलांचं ताट मांडलं. मी गेले नाही. सुट्टी मिळत नाही असं कळवलं. सुट्टी होती. मेलेल्यांना जेवायला वाढायचं आणि जिवंतांनी पहाटेपर्यंत नाचायचं हे मला पटत नव्हतं, आणि मूर्खासारखं ते मी पत्रात लिहिलंसुद्धा. थिओचं उत्तर एका ओळीचं होतं. आई दारात तुझी वाट बघून आत गेली. त्यानंतर आमच्यात एक पत्र नाही. लोकांची पत्रं वाटण्यात जन्म गेला माझा.

थिओला साखरेचा आजार आहे, तिच्या पुतण्याने कळवलं. उजवा पाय सडत चाललाय. पंचवीस फेब्रुवारीला ग्रेनाडाच्या इस्पितळात तो कापायचाय. त्यातून ती उठेल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. तिथेच जाऊन भेटणं सोपं होतं हे मलाही कळतं. पण खाटेवर पडलेलं माणूस नाही म्हणू शकत नाही. मला तिच्या दारात उभं राहून माफी मागायचीय, जिथून ती मला हाकलू शकते.

पेरूची वडी न्यायची. निळा झगा. शुक्रवार, २३ तारीख. तोवर पाय उतरतील.

१६ जानेवारी, शुक्रवार

१५०/९४. तांतीशी पहिली वादावादी. माझा स्वयंपाक ती करणार असं ठरलं होतं. मीठ घालू नका म्हटल्यावर तिने हातातला डाव खाली ठेवला. म्हणाली, अळणी रांधायचं ते फक्त त्यांच्यासाठी. त्यांच्यासाठी म्हणजे कुणासाठी हे मला ठाऊक होतं, मी काही विलायतेतून आलेले नाही. आमची आईही वाडवडिलांचं ताट अळणीच ठेवायची. मेलेल्यांना मीठ चालत नाही.

तांतीचं म्हणणं, दुसऱ्या कुठल्याही घरात चाललं असतं. पण ॲडिनाच्या थडग्यावर अजून दगड बसलेला नाही. ब्रुकलिनची नातवंडं दर वर्षी येतो म्हणतात आणि येत नाहीत. दगड बसला नाही की म्हातारं माणूस घर सोडत नाही. आणि त्या घरात अळणी शिजवायचं म्हणजे हाक मारून बोलावणंच.

मी म्हटलं, तांती, मी सरकारी नोकरी केलीय, लेखी अर्ज आल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. ती हसली नाही. "चिमूटभर घाला, बाई. माझ्यासाठी म्हणून घाला." डॉक्टर नको म्हणतात म्हटल्यावर ती म्हणाली की डॉक्टर कॅरिआकूत राहत नाहीत. शेवटी मीच सांगितलं, माझं मी रांधीन. आता या वयात चूल फुंकायची. पण एकदा बोलून गेले ते गेले.

१९ जानेवारी, सोमवार

१३०/८४. आकडा उतरतोय, डॉक्टर टाळ्या वाजवतील.

दिवस ठरून गेलाय. सकाळी टाकीतून पाणी, मग रताळी नाहीतर मक्याच्या पिठाचा कू-कू, त्यावर तुरीचे ताजे दाणे. बारा वाजता ताट वाढून टेबलावर ठेवते आणि अर्धा तास आडवी होते, कारण रांधून झालं की जेवायचं त्राण उरत नाही. मग उठून जेवते. कशाला चव म्हणून नाही. पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

आज कू-कूचा गोळा एका बाजूने कोरलेला होता, बोटांनी कोरावा तसा. मांजर असेल. खिडकी लावायला हवी.

२३ जानेवारी, शुक्रवार

११८/७६. गेले नाही. म्हणजे निघाले, पण गेले नाही.

निळा झगा घातला, वडी घेतली, आठलाच धक्क्यावर हजर. कप्तान एनोने हात धरून फळीवर घेतलं. मोठा गमत्या माणूस आहे. म्हणाला, मिस बेदो, जरा वजन वाढवा, वाऱ्याने उडालात तर तिकिटाचं काय करू? मी फळीच्या मधोमध होते तेवढ्यात लाट आली आणि पाणी हातावर उडालं. कढईतलं तेल उडावं तसं भाजलं. मी ओरडलेच. मी फळीवरच बसले आणि मला उचलून परत धक्क्यावर बसवावं लागलं. सगळी फेरी बघत होती. एनो म्हणाला, ऊन लागलं, घरी जा, बुधवारी या.

वडी आणि एक चिठ्ठी त्याच्याकडे दिली. थिओ, बुधवारी येते. फिलो. हातावर तांबडे ठिपके उठलेत. जिथे जिथे पाणी उडालं तिथे एकेक.

२८ जानेवारी, बुधवार

१०६/७०. आज उठवेनाच. पावणेनऊला डोळे उघडले तेव्हा फेरी अर्ध्या वाटेत होती. खिडकीतून बघत बसले.

संध्याकाळी एनो थिओची चिठ्ठी देऊन गेला. अकरा वर्षांनी तिचं अक्षर. "यायचं तर ये. कळवू नकोस. कळवून न येणं तुला चांगलं जमतं. वडीत साखर किती ती, मारायला निघालीस का मला? अर्धी खाल्ली."

हसले आणि मग खूप रडले. अर्धी खाल्ली तिने. तिला भेटायलाच हवं. शुक्रवारी काहीही होवो.

३० जानेवारी, शुक्रवार

९८/६४. पुन्हा नाही. धक्क्यापर्यंतच्या रस्त्यात दोनदा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा फेरीचा भोंगा झाला.

तांती हात धरून घरी घेऊन आली. टेबलावर कालचं ताट तसंच होतं. मी कुठे जेवते, कशी जेवते, तिने सगळं विचारलं. बारा वाजता वाढते, उघडं ठेवते, खोलीतून निघून जाते, अर्ध्या तासाने येऊन खाते, असं सांगितलं. ती खुर्चीत बसायला वाकली होती ती तशीच सरळ झाली.

म्हणाली, "अगं बाई, वाडवडिलांचं ताट असंच मांडतात! अळणी, उघडं, आणि पाठ फिरवून. ते आधी जेवतात. आम्ही नंतर त्यात मीठ घालतो, मग तोंडाला लावतो. तू दोन आठवडे त्यांचं उष्टं खातेयस."

रागात ती एकेरीवर आली ते मला आवडलं. बाकीचं आवडलं नाही. आईकडे हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. ताट उचलल्यावर आई मूठभर मीठ टाकायची. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

२ फेब्रुवारी, सोमवार

९०/५८.

आज आडवी झाले नाही. ताट ठेवलं आणि दाराच्या फटीतून बघत उभी राहिले. भर दुपार, लख्ख ऊन, रस्त्यावर बकऱ्या ओरडत होत्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. पण खुर्चीत म्हातारी होती. डोक्याला पिवळं फडकं, माझ्याकडे पाठ. डाव्या हाताने जेवत होती. घाई नाही, संकोच नाही, स्वतःच्या घरात जेवावं तशी. जेवून झाल्यावर उरलेलं अन्न ताटात सारखं केलं आणि माझ्या बाजूला सरकवलं.

मी ते ताट खाल्लं. का खाल्लं? भूक होती. इतकी भूक मला कधी लागली नव्हती.

४ फेब्रुवारी, बुधवार

तांतीला सांगितलं. पिवळं फडकं आणि डावा हात म्हटल्यावर तिने ॲडिनाचं नाव घेतलं. घरात जाऊन मिठाचा खडा घेऊन आली आणि म्हणाली, तोंड उघड.

जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. ओकारी झाली, त्यात रक्त होतं. तांतीने मला कुशीत धरलं आणि दोघी रडलो. तिने उद्या परत बघू म्हटलं, रोज एकेक कण. हे घर सोड, माझ्याकडे ये, असंही म्हणाली. मी हो म्हटलं. सामान बांधायला बसले आणि तिथेच झोप लागली.

८४/५०.

९ फेब्रुवारी, सोमवार

तांतीकडे चार दिवस राहिले. तिथे घास उतरत नाही. कण घशाखाली गेला तर त्याच्यामागे सगळं बाहेर येतं. दुपार झाली की पाय आपोआप या घराकडे वळतात. आज परत आले. तिने दारात अडवलं. तिला बाजूला सारलं मी. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला.

फेरीला गेले होते त्याआधी. एनोने फळी टाकली, चार माणसं चढली, त्याने फळी ओढून घेतली. मी हातभर अंतरावर उभी होते. हाक मारली. त्याने दोर सोडला आणि माझ्यातून पलीकडे बघितलं, जणू मी नव्हतेच.

मग तांतीच्या हाती थिओला चिठ्ठी पाठवली. मला जमत नाहीये. मला माफ कर. एवढंच.

लिहून पाठवायची गोष्ट नव्हती ती.

११ फेब्रुवारी, बुधवार

७०/— खालचा आकडा ऐकू येत नाही.

आता टेबलाशी जेवायला पाच जण असतात. सहावी खुर्ची मोकळी ठेवतात. मी पाचांचं रांधते. कुणी तोंड वर करत नाही. रोज एकेकाच्या पाठीकडे बघते, आई आहे का. नाही. आई तिकडे सुखात आहे. तिचा दगड बसलाय. थिओने बसवला.

फार दमलेय. घाबरायलाही जोर लागतो आणि तो माझ्याकडे नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

थिओची चिठ्ठी. तांतीने दाराखालून सरकवली, आत आली नाही.

"लिहून माफी मागतेस? टपालवाली ती टपालवालीच. तू पाय असून येत नाहीस, मी पाय जायच्या आधी येते. पुढच्या शुक्रवारी. फेरी नसली तर पुतण्याची होडी आहे. जेवायला येईन. काहीतरी चांगलं कर."

नाही. इथे नाही. या टेबलावर तर नाहीच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चिठ्ठी लिहिली. येऊ नकोस, इस्पितळात भेटते. धक्क्यापर्यंत पोचले नाही. भिंतीला धरून धरून चर्चच्या वळणापर्यंत गेले. तांती समोरून आली. हाका मारल्या. ती तशीच पुढे गेली, मग थांबली, मागे वळली, इकडेतिकडे पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. चिठ्ठी तिच्या टोपलीत टाकायला हात पुढे केला तर खारवलेल्या माशाचा वास आला आणि हात पोळला—

चिठ्ठी वाऱ्याने गेली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वारा सुटलाय. खिडकीतून सगळा समुद्र पांढरा दिसतो. फेरी बंद. बरं झालं. देवा, शुक्रवारीही बंद ठेव.

पण होडी—

पट्टा गुंडाळला. नळ्या कानात घातल्या. कितीतरी वेळ ऐकत बसले. आत काहीच नाही.

१९ फेब्रुवारी

आज रांधायचं नाही असं ठरवलं होतं. चूल पेटवायची नाही. ताट नाही तर कुणी येणार नाही, थिओही—

बाराला टेबलावर सहा ताटं होती. माझ्या हातांना पीठ लागलं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळ. फेरी नाही. वारा तसाच. ती शहाणी आहे. ती नाही येणार.

दहा. पलीकडून एक शीड निघालंय. पांढरं. लहान.

खिडकीत उभी राहून हात हलवतेय. परत जा. परत जा, थिओ. ओरडतेय, पण आवाज—

शीड मध्यावर. वर येतं, खाली जातं. वर.

दिसत नाही.

दिसत नाही.

गाव धक्क्याकडे धावतंय. तांती धावतेय या वयात. दोन होड्या टाकल्या पाण्यात. एक माणूस ओढून काढला, तो थिओचा पुतण्या असेल. तो ओरडतोय. बोट दाखवतोय पाण्याकडे. एकच माणूस काढला. एकच—

बारा. मी रांधलेलं नाही. शपथ. पण ताटं—

सगळ्यांनी आपल्या खुर्च्या थोड्या सरकवल्या आहेत. जागा करावी तशा. सहाव्या खुर्चीच्या शेजारी सातवी आहे.

दार वाजलं. ते तर कधी दार वाजवत नाहीत.

थिओ. उंबऱ्यात. केसांतून पाणी गळतंय. दोन्ही पायांवर उभी आहे, सरळ, काठी नाही. मी म्हटलं, थिओ, माफ कर. तोंडाने म्हटलं, अकरा वर्षांनी. तिने ऐकलं. एवढ्या गावात तिने एकटीनेच ऐकलं. आत आली, माझा गाल धरला. हात थंडगार आहे. मला तो गार लागत नाही.

मी सांगतेय, बसू नकोस, थिओ, जा, आईकडे जा, तिथे तुझी जागा आहे. ती हसते. म्हणते, दारातून परत जायला आले का मी? खुर्ची ओढली तिने. माझीही ओढली. किती दमलीस गं, म्हणते. ये. वही ठेव आता. जेवण निवतंय, तू बसल्याशिवाय मी घास—